‘प्रोफायलिंग’ला ‘खतावणी’ म्हणावं का?

वणीकर : हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका प्रकल्पाची मराठी टिपणं लिहितोय. प्रोग्राम चालताना कुठल्या फंक्शनवर किती वेळ, किती मेमरी गेली ते मोजणं म्हणजे प्रोफायलिंग. ‘रूपरेखा’ वगैरे सुचतं, पण त्यात मोजणं कुठे आहे?

परवा काका कापूस वेचणीची वही लिहीत होते. गाठोडं काट्याला लावायचं, आकडा वेचणाऱ्या बाईच्या नावापुढे. मी घाईत बेरीज सांगितली तर म्हणाले, “बेरीज मले बी येते. कोनाच्या नावावर किती आलं थे सांग.” प्रोफायलर दुसरं काय करतो? जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरच्या अहवालातला ‘कॉस्ट सेंटर’ म्हणजे खातं. मग हे सगळं खतावणीच की!

वरुडकर : अर्धं पटलं. खतावणीत पै न् पै येते. मेमरीचं तसं होतं, वेळेचं नाही. ठरावीक अंतरानं डोकावायचं, ज्याचं काम चालू दिसेल त्याच्या नावावर खूण करायची. जीप्रॉफ या जुन्या प्रोफायलरचंही १९८२पासून तेच. ही तर पैसेवारी! अख्ख्या गावाचं पीक कोणी मोजत नाही, निवडक वावरांत कापणी प्रयोग करून गावाचा आकडा काढतात. (तो ५० पैशांच्या वर गेला की कास्तकारांची बोंब, पण तो विषय वेगळा.)

वणीकर : मान्य. पण क्रियापद हवंय. ‘प्रकल्प खतावून बांधला’ चालेल? कारण आपलाच कोड खतावून भागत नाही. वापरलेल्या लायब्रऱ्या (दुसऱ्यांचा तयार कोड) प्रोफायलिंगसाठी कंपाइल केलेल्या नसल्या की जीएचसी अडून बसतो. कबाल या हॅस्केल प्रकल्प बांधायच्या साधनाच्या प्रोजेक्ट फाइलीत ‘प्रोफायलिंग: ट्रू’ एवढी ओळ टाकली की त्याही नव्यानं बांधल्या जातात. माझ्या अर्ध्या झाल्या आणि लाइन गेली.

अकोटकर : ‘खतावून बांधला’ झकास. ‘सगळी खाती उघडली’ मात्र लिहू नका. लायब्रऱ्यांमध्ये कबाल मुळात बाहेर वापरायला दिलेल्या फंक्शनांनाच खातं उघडतो. बारक्यासारक्या फंक्शनलाही उघडलं तर कंपायलरचं इनलाइन करणं (फंक्शनचा कोड वापराच्या जागीच घालणं) अडतं आणि आकडेच फिरतात. बोंडाबोंडाला काटा लावल्यावर वेचणी कधी होणार?

आणि अहवालातल्या रकान्यांपैकी ‘इंडिव्हिज्युअल’ला ‘स्वतःचा’, ‘इनहेरिटेड’ला ‘पोटखात्यांसह’ लिहा. ‘वारसा’ नको, इथे कोणी मेलेलं नाही.