शनिवारी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर कोण जाणार?

सचिव:
मंडळी, पाडव्याच्या मैफलीसाठी ताई आणि तबलजी शनिवारी, 2 नोव्हेंबरला येतायत. लंडनच्या हीथ्रोहून विमान सकाळी 11 ला. आठ तास धरले, पाच तासांचा फरक वजा केला, म्हणजे दुपारी 2 ला जेएफके. कार्यक्रम 5 ला, इथे न्यू जर्सीत एडिसनला. सोबत तंबोरा आहे, मोठी गाडी हवी. मागच्या वर्षीसारखं व्हायला नको.

पार्सिपनीचे काका:
आठ तास कशाला? अंतर 5,540 किलोमीटर, विमान ताशी 900 ने जातं. सहा तासांत येतील. जूनमध्ये मी लंडनला साडेसहा तासांत पोचलो होतो. गाडी 12 लाच पाठवा.

माजी अध्यक्ष:
काका, तुम्ही पूर्वेला गेलात, वारा पाठीशी होता. हे येणार तोच वारा अंगावर घेत. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यावर एक 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं. उलट दिशेला तोच वारा टाळायला विमानं वळसा घेतात. अटलांटिकवरचे मार्ग वारा बघून रोज नव्याने आखतात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगेत रखडणंही धरलेलं असतं. आठच धरा.

एडिसनची वहिनी:
आणि उतरल्यावरचं काय? आई आली तेव्हा इमिग्रेशनलाच सव्वा तास गेला. मग चकलीचा डबा उघडायला लावला, वरच्या थरातल्या निम्म्या चकल्यांचा चुरा झाला. ताईंना सांगा, फराळ आणू नका, इथे भरपूर केलाय.

वाहतूक समिती:
पिकअपची यादी आमच्याकडे असते, कृपया परस्पर गाड्या ठरवू नका. नेवार्क विमानतळाचं तिकीट का काढलं नाही? तिथून एडिसन अर्ध्या तासावर. जेएफकेहून बेल्ट पार्कवे, व्हेराझानो, स्टेटन आयलंड, गोएथल्स पूल. शनिवारी दुपारी दीड तास नक्की.

खजिनदार:
नेवार्कचं तिकीट महाग होतं. तेव्हा सर्वांनी होकार दिला होता.

शाळेच्या बाई:
थांबा, फरक पाच तासांचा नाहीच! उन्हाळी वेळ संपली म्हणून ब्रिटनमध्ये घड्याळं 27 ऑक्टोबरलाच तासभर मागे गेली, आपली इथली 3 नोव्हेंबरच्या पहाटे जाणार. या आठवड्यात फरक चारच तासांचा. माझी बहीण लेस्टरला असते, दर वर्षी या आठवड्यात आमचा फोन चुकतो. विमान 2 ला नाही, 3 ला उतरेल. हॉलवर यायला पावणेसहा.

काका:
चकलीचा चुरा मिसळीवर घ्यायचा वहिनी, टाकू नका.

सचिव:
बाई बरोबर आहेत. ताईंकडून तिकिटाचा फोटो मागवला, त्यावर 3 वाजून 5 मिनिटं आहे. मीच हातावर हिशेब केला, चूक माझी. 5 ला शाळेतल्या मुलांची गाणी, मैफल साडेसहाला. हॉल 10 ला सोडायचाच आहे, त्यामुळे मध्यंतर नाही.

वाहतूक समिती:
आमची व्हॅन 3 ला तिथे असेल. मागची सीट काढून ठेवतो, तंबोरा आडवा मावतो. आणखी कोणी जाऊ नये.