कॅम बदलतोय, मग पिनियनही बदलायचं का?

जुनी३५०
बुलेट ३५०, लोखंडी सिलिंडरवाली, १९९६ ची. कागदावर १८ बीएचपी, आंबा घाटात त्यातले निम्मेच कामाला येतात. हाय-लिफ्ट कॅमची जोडी मिळाली आहे (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा, हे व्हॉल्व्ह जास्त उघडतात). कॅम आणि त्याचा गिअर एकत्रच येतो, त्यामुळे ते दोन गिअर नवे होणारच. प्रश्न उरलेल्यांचा: क्रँकवरचं पिनियन (कॅम फिरवणारा छोटा गिअर), आयडलर (मधले गिअर), टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारे दांडे), गाइड (टॅपेट ज्यात सरकतो ती नळी), स्पिंडल (कॅम ज्यावर फिरतो तो दांडा). मिस्त्री म्हणतो, "कव्हर उघडलंय तर सगळंच नवं टाका." मला हा उधळेपणा वाटतो. पिनियन-आयडलर इतकी वर्षं बिनतक्रार फिरतायत, एकमेकांना रुळलेत. टॅपेटही चालतील असं वाटतं.

उलटाआटा
मिस्त्री बरोबर बोलतोय. पिनियन रुळलंय ते जुन्या कॅमशी, आणि तेच तुम्ही काढताय. झिजलेल्या दातांवर कोरा गिअर बसवा, मग बघा कशी घरघर ऐकू येते ती. शिवाय खर्च सुट्या भागांचा नसतो हो, उघडझाकीचा असतो. पिनियन काढायचं तर पुलर (खेचून काढायचं हत्यार) लावा, त्याआधी वर्म नट (क्रँकच्या टोकाचा, स्क्रूसारख्या दातांचा) सोडा. त्याला उलटा आटा, हे विसरून जोर लावणारे मी पाहिलेत. (माझं नाव उगाच नाही पडलं.) तोच वर्म ऑइल पंप फिरवतो, तेव्हा पंपाच्या स्पिंडलचे दातही बघून घ्या. महिन्याभरात हे सगळं दुसऱ्यांदा करणार का?

लेथकाका
"नवं म्हणजे चांगलं" हे बुलेटच्या बाजारातल्या गिअरांबद्दल? एकाच दुकानातली दोन पिनियन सारखी बसत नाहीत. घट्ट बसलं की शिट्टी मारतं. मग लोक दातांना पॉलिश पेपर घासत बसतात.

आधी मोजा. पुशरॉड (टॅपेटवरून वर व्हॉल्व्हकडे जाणारे दांडे) काढा, नाहीतर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, खाऊन टाकतो आणि सगळं छान वाटतं. नवे कॅम जुन्या पिनियनवर लावा आणि क्रँक दोन पूर्ण फेरे हळूहळू फिरवा, म्हणजे कॅमचा एक होतो. ठिकठिकाणी हाताने प्ले बघा. सगळीकडे किंचित आणि सारखा असेल तर पिनियनला हात लावू नका. एकीकडे घट्ट, एकीकडे ढिला लागला तर आधी स्पिंडल तपासा. तो वाकडा किंवा हलता असेल तर नवे गिअर टाकूनही ओरडतीलच.

टॅपेटवर मात्र तुमचं चुकतंय. जुन्या टॅपेटच्या तळाला जुन्या कॅमची वाटी पडलेली असते. त्यावर नव्या कॅमचं नाक फिरलं की दोन्ही झिजतात. पिनियनचे पैसे तिथे घाला.

उलटाआटा
टॅपेट मान्य, काका. पण मग गाइड का सोडता? ढिल्या गाइडमध्ये नवा टॅपेट तिरका होणार, म्हणजे कॅमचं नाक पुन्हा एका कडेवर घासणार.

लेथकाका
गाइड केसमध्ये ठोकून बसवलेलं असतं. काढताना केसचं भोक लांबलं की नवं गाइडही ढिलं, आणि आता भोकाचाच इलाज करावा लागतो. टॅपेट गाइडमध्ये खरंच डुगडुगत असेल तरच, आणि तेही केस गरम करून. "उघडलंच आहे तर" या तीन शब्दांनी माझ्याकडे जितक्या केस वेल्डिंगला आल्या तितक्या अपघातांनी नाही आल्या.

क्लासिकवाला
माझ्या यूसीईला (बुलेटच्या नंतरच्या इंजिनाला) हायड्रॉलिक, तेलाच्या दाबावरचे टॅपेट आहेत, ही कटकटच नाही 😄

लेथकाका
ते वेगळं इंजिन. इथे लोखंडीबद्दल चाललंय.

उलटाआटा
गिअरांवरून भांडता भांडता लिफ्ट विसरू नका. व्हॉल्व्ह जास्त उघडला की स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकतात का, ते बघा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना हे कळायला पिस्टनवर मुलांची क्ले थापून हेड कसा, क्रँक हाताने फिरवा, उघडून क्लेची जाडी बघा. पिनियनबाबत मी अजून माझ्या मतावर ठाम आहे.

जुनी३५०
काल उघडलं. टॅपेटच्या तळाला खरंच वाट्या होत्या, नखाला लागत होत्या. तिथे मी हरलो, नवे मागवले. नव्या कॅमवर प्ले सगळीकडे सारखा आला, स्पिंडलही घट्ट. पिनियन, आयडलर, गाइड जुनेच ठेवतोय, वर्मही सोडलेला नाही. मिस्त्रीने तोंड वाकडं केलंय. आवाज आला तर उलटाआटा यांना इथेच कळवतो. क्ले मुलीच्या डब्यातली घेतली आहे, हेड रविवारी बसवणार.