मँचेस्टरचे गिरणीकामगार खरंच लिंकनच्या बाजूने होते का?

सुनीता, पुणे:
माझी लेक मँचेस्टरला शिकते. तिने तिथल्या लिंकनच्या पुतळ्याचा फोटो पाठवला. लिंकनने १८६३ साली तिथल्या कामगारांना लिहिलेल्या पत्रातला मजकूर चौथऱ्यावर कोरलाय. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद होऊन ज्यांच्या चुली विझल्या, तेच गुलामांच्या मुक्तीसाठी उभे राहिले? खरं आहे की मागाहून रचलेली गोष्ट?

लालबागकर:
ताई, सभा खरी. ३१ डिसेंबर १८६२, मँचेस्टरचं फ्री ट्रेड हॉल हे सभागृह. दुसऱ्याच दिवशी लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघायचा होता. सभेने लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं, १९ जानेवारीला त्याने उत्तर लिहिलं.
माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. १९८२च्या गिरणी संपात आईने डबे करून आम्हाला जगवलं. गिरणी बंद असली की घर कसं होतं ते मी पाहिलंय. अशा वेळी, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी हात वर करायचा! ते पत्र वाचताना मला आजही भरून येतं.

मेधा:
सभा खरी, पण सगळं लँकेशायर, म्हणजे मँचेस्टरभोवतीचा गिरण्यांचा परगणा, एका सुरात नव्हतं. लिंकनविरुद्ध लढणाऱ्या, गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडच्या राज्यांना मान्यता द्या म्हणूनही तिथे सभा झाल्या. लिव्हरपूलचे व्यापारी तर उघड दक्षिणेकडे. दक्षिणेची 'अलाबामा' युद्धनौका समोरच्या बर्कनहेडलाच बांधली गेली.

लालबागकर:
मेधाताई, बरोबर, आणि आपली मुंबईही त्यात आहे. अमेरिकेऐवजी आपला कापूस जायला लागला. तिकडे त्याला सरसकट 'सुरती' म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा फार, मागावर सारखा तुटायचा. कापडावर मजुरी, म्हणजे धागा तुटला की पैसे तुटले. विणकर देवाकडे मागायचे, कापूस दे, पण सुरती नको. इकडे त्याच कापसावर मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजी माजली. १८६५ला युद्ध संपलं नि भाव कोसळले. त्या तेजीत इथे कोणाला गुलामांची आठवण होती का, हा प्रश्न मला सोडत नाही.

सुनीता, पुणे:
दादा, लेकीला हे सगळं वाचून दाखवते. तिने तिथे आणखी काय बघावं?

लालबागकर:
मँचेस्टरजवळच्या रॉचडेलला पाठवा. फेब्रुवारी १८६३मध्ये अमेरिकेतून उपाशी कामगारांसाठी 'जॉर्ज ग्रिस्वोल्ड' जहाजातून पीठ आलं होतं. त्यातलं एक पिंप तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलंय.