सिक्रेट सांता म्हणजे नाताळचं देणं का?

मरोळची पोर
अंधेरीच्या आमच्या ऑफिसात यंदाही सिक्रेट सांताच्या चिठ्ठ्या निघाल्या. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप, 500 रुपयांच्या आत वस्तू आणायची. गेल्या वर्षी मी कॉफीचा मग दिला, मला मेणबत्ती मिळाली. फिट्टंफाट! बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 14व्या अध्यायात येशू म्हणतो, जेवायला श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका, ते उलट बोलावून फेड करतील. गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलवा. नाताळला देवाने पुत्र दिला, त्याची फेड कुणाच्या बापाला जमणार आहे? माझं मत, डिसेंबरात आपसातल्या भेटी बंद. ते पैसे पॅरिशमधल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, गरिबांच्या पेटीत.

गोराईकर
बंद कशाला? पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी बाळ येशू गरीब आहे म्हणून डाळ-तांदूळ नाही आणले. सोनं, ऊद, गंधरस आणला. (ते तिघे होते असं ही गोष्ट सांगणारं मत्तयचं शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही, पण असो.) मान म्हणूनही भेट देतात की.

दादरकरीण
मी हिंदू, तरी मध्ये तोंड घालते. माझगावच्या आजोळी खालच्या मजल्यावरच्या आंटींकडून नाताळच्या फराळाचं, नेवऱ्या-कुलकुलांचं ताट यायचं. आजीने ते कधी रिकामं धाडलं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर. दिवाळीला आमचं ताट खाली जायचं. त्याला फेड नाही म्हणत हो, येणंजाणं म्हणतात.

मरोळची पोर
ते ताट जिन्यावरच फिरलं ना? चर्चच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या म्हातारीपर्यंत कधी गेलं?

भायखळ्याचा
तिच्यापर्यंत जातं ते कसं, तेही बघा. मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटली की चादर तिच्या हातात आणि फोटोसाठी मोबाईल देणाऱ्यांच्या. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय 6 मध्ये वाचणारीच ही मंडळी. ज्यांच्यावरून सांता आला ते चौथ्या शतकातले मायराचे (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) बिशप निकोलस. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्यांनी रात्री गुपचूप खिडकीतून पैसे टाकले, अशी आख्यायिका आहे. ऑफिसवाल्यांनी त्यातलं नुसतं नाव उचललं.

गोराईकर
गुपचूप द्या, मान्य. पण 'फेड करू न शकणारे' हे मला खटकतं. मार्क 12 मधली विधवा आठवा. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, आणि येशू म्हणाला, सगळ्यांत जास्त हिनेच टाकलं. ती गरीब होती आणि देणारी होती. गरिबाने फक्त हात पसरायचा हे ठरवणारे आपण कोण?

मरोळची पोर
आता सांगूनच टाकते. गेल्या नाताळला भांडी घासणाऱ्या मावशींना फराळाचा डबा दिला. साधा प्लास्टिकचा, परत मागायचा नव्हताच. संक्रांतीला आला, तिळाच्या वड्यांनी भरून. वड्या झकास होत्या. पण आधी मनात आलं ते 'अरे, हे कशाला!' आणि त्यात थोडी नाराजीच होती, खोटं कशाला बोलू.

दादरकरीण
मग डब्यात काय घालून दिलंस परत?

मरोळची पोर
अजून दिला नाही. ओट्याखाली आहे.