सिस्को ७९६०: मुख्य फाइल चढते, डायल प्लॅनची चढत नाही

हापूस_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमचं आंबा कॅनिंगचं युनिट आहे. ऑफिस, पल्प विभाग, कोल्ड स्टोरेज, गेट, सगळीकडे जुने सिस्को ७९६० फोन आहेत, नेटवर्कवरून बोलणारे, एसआयपी (इंटरनेट कॉलिंगची पद्धत) फर्मवेअरवर. फोनना सेटिंगच्या फाइल देणारा टीएफटीपी सर्व्हर आधी विंडोजच्या लॅपटॉपवर होता, आता रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकावर आणलाय. फोन रजिस्टर होतात, बोलणंही होतं. पण १०४ दाबलं की फोन काही सेकंद गप्प बसतो, मग रिंग जाते. पूर्वी लगेच जायची. डायल प्लॅनची फाइल (किती आकडे दाबल्यावर कॉल लावायचा हे सांगणारी) सर्व्हरवर आहे. फोन मुख्य फाइल घेतो, पण ही घेत नाही. सीझनला गेटवर टेम्पोंची रांग लागते, वॉचमन वैतागतो.

कुडाळचा_वायरवाला
दादा, विंडोजवरून लिनक्सवर आलात, तिथेच बघा. विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर सारखंच, लिनक्सला नाही. फोन ‘डायलप्लॅन.एक्सएमएल’ हे नाव सगळ्या लहान अक्षरांत मागतो. डिफॉल्ट फाइलमध्ये, म्हणजे तुमच्या मुख्य फाइलमध्ये, डायल टेम्प्लेटपुढे नाव लिहिताना मात्र ‘.एक्सएमएल’ लावायचं नाही, तो फोन स्वतः लावतो. फाइल सर्वांना वाचता येईल अशी परवानगीही द्या. टीएफटीपीला लॉगिन नसतं, त्यामुळे परवानगी नसलेली फाइल तो देत नाही.

अंदाज करत बसू नका. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये व्हर्बोज (सविस्तर नोंदी) चालू करा, एक फोन रीस्टार्ट करा आणि लॉग बघा. कुठली फाइल कुठल्या नावाने मागितली ते ओळीओळीने दिसेल.

आता माझी कळकळीची विनंती. एक्स्टेंशन १ ने सुरू ठेवू नका. १०१ म्हणजे अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, ११२ आपत्कालीन. कॅनिंगमध्ये बॉयलर असतो, वाफ असते. भाजलेल्या माणसासाठी कोणी घाईत १०८ लावलं आणि स्टोअररूम वाजली तर? २ ने पण नको: तुमच्याकडचे सहा आकडी लँडलाइन नंबर २ ने सुरू होतात, फोन तिसऱ्या आकड्यालाच कॉल लावून टाकेल. ४ घ्या.

हापूस_रत्नागिरी
लॉग बघितला. आधीच्या माणसाने फाइलचं पहिलं अक्षर मोठं ठेवलं होतं. नाव बदललं, फोन रीस्टार्ट केले, फाइल चढली. एक्स्टेंशन ४ वर नेतो. मग फाइलमध्ये नेमकं काय लिहू?

कुडाळचा_वायरवाला
४ आणि दोन टिंबं (एक टिंब म्हणजे कुठलाही एक आकडा), टाइमआउट ० (म्हणजे न थांबता लगेच कॉल). २ आणि पाच टिंबं, टाइमआउट ०. मग ० आणि दहा टिंबं, तेही ०. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइललाही ० लावावा लागतो, आणि एसटीडी कोड धरूनही आकडे अकराच होतात, म्हणून दोन्ही एका ओळीत बसतात. १००, १०१, १०८, ११२ मात्र एकेक वेगळे लिहा. ‘१ आणि दोन टिंबं’ लिहिलंत तर १८०० चे टोल-फ्री नंबर मधेच तुटतील. शेवटी नुसता तारा, टाइमआउट ५, उरलेल्या सगळ्यासाठी.

देवगड_नेट
एक भर. लाइट गेली-आली की फोन आणि रास्पबेरी पाय एकदमच सुरू होतात, आणि फोनने फाइल मागितली तेव्हा सर्व्हर तयार नसतो. पावसात आमच्याकडे हे नेहमीचंच. रास्पबेरी पाय आणि नेटवर्क स्विच दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. मधे फायरवॉल असेल तर यूडीपी ६९ (टीएफटीपीचं पोर्ट) उघडून भागत नाही. विनंती ६९ वर जाते, पण फाइल दुसऱ्याच पोर्टवरून येते.

हापूस_रत्नागिरी
इन्व्हर्टरवर आजच घेतो. पल्प विभागात मशीनच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही. वेगळी रिंग चढवता येईल का?

कुडाळचा_वायरवाला
येईल. हेडर (सुरुवातीची माहिती) नसलेली कच्ची पीसीएम आवाजाची फाइल लागते: ८००० हर्ट्झ, ८ बिट, म्यू-लॉ एन्कोडिंग. जास्तीत जास्त १६,०८० बाइट, म्हणजे जेमतेम दोन सेकंद. आणि बाइटना २४० ने पूर्ण भाग जायला हवा. रिंगलिस्टच्या, म्हणजे रिंगच्या यादीच्या, फाइलमध्ये आधी रिंगचं नाव, मग टॅब, मग फाइलचं नाव. तिथे स्पेस नको, टॅबच द्या. तीक्ष्ण, वरच्या पट्टीतला आवाज निवडा, मोटरच्या घरघरीत तोच उठून येतो.