नस जोडली, स्पर्श परत आला, पण बोटांची अदलाबदल होते. असं का?

ऊसकरी_शिरोळ
नमस्कार मंडळी. ऊस तोडताना आप्पांच्या डाव्या मनगटावर कोयता बसला. मीडियन नर्व्ह (अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांची नस) पूर्ण तुटली होती, त्याच रात्री ऑपरेशन करून जोडली. आता आठेक महिने झाले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येतात, स्पर्शही कळतो, पण भलत्याच ठिकाणी. डोळे मिटायला लावून तर्जनीच्या टोकाला काडी लावली तर म्हणतात, "मधल्या बोटाला लावलीस." खिशातलं नाणं चाचपून ओळखता येत नाही. धार काढताना सड हातात आहे की नाही ते बघावं लागतं. जोडतानाच काहीतरी चुकलं, असं आप्पांच्या डोक्यात बसलंय. कुणी म्हणतं हा मेंदूचा घोळ. नस मनगटात तुटली, मग मेंदूचा काय संबंध?

हातथेरपी_मिरज
दादा, मी हाताच्या पुनर्वसनाचं काम करते. आप्पांना आधी हे सांगा: एवढ्यावरून जोडणी चुकली असं म्हणता येत नाही.

नस तुटली की तिथून बोटांकडचे तंतू मरतात. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर हे दाखवलं. मागे नळ्या उरतात, आणि मनगटाकडून फुटलेले नवे कोंभ त्यांतून दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतात. म्हणून बोटांच्या टोकांना इतके महिने लागले. सर्जन टाके घालतात ते नसेच्या आवरणाला. आतल्या हजारो तंतूंतला प्रत्येक तंतू त्याच्या जुन्या नळीसमोर आणणं कुणाच्याच हातात नसतं. त्यामुळे पूर्वी मधल्या बोटाचा असलेला तंतू तर्जनीत जाऊन पोचतो, आणि मेंदू त्याची खबर जुन्याच पत्त्यावर नोंदवतो.

शिवाय तोवर मेंदूही बदललेला असतो. मर्झेनिच, कास आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये माकडांत हीच नस कापली. मेंदूत या बोटांची जागा ओस पडली नाही. हाताच्या पाठीकडचे आणि शेजारचे संदेश तिथं उमटू लागले. काही तर लगेचच, म्हणजे त्या जोडण्या आधीपासून होत्या, फक्त दबलेल्या होत्या. नस कापून जोडली तर मेंदूतला बोटांचा नकाशा, म्हणजे कुठल्या बोटाची जागा कुठे, परत येतो तो तुकड्यातुकड्यांनी. पण नुसती चेंगरली, नळ्या शाबूत राहिल्या, तर माकडांत तो जवळजवळ पहिल्यासारखा होतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. खरी अडचण तंतूंच्या चुकलेल्या वाटांची आहे, आणि त्या वाटा आता बदलणार नाहीत. शिकायचंय ते मेंदूला.

मज्जातंतू_पुणे
वरच्या ताईंचं पटलं. एक भर. मेंदूच्या वरच्या थरात शेजारचे तंतू नवे फाटे फोडतात हे खरं, पण मोठ्या बदलाचं मूळ खालीही असू शकतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नीरज जैन यांच्या गटानं मज्जारज्जूला इजा झालेल्या माकडांवर काम केलं (२०१४). हाताच्या जागेत चेहऱ्याचे संदेश येत होते. मेंदूच्या वरच्या थरातली चेहऱ्याची जागा बधिर केली तरी ते थांबले नाहीत. मेंदूच्या देठातलं हाताचं केंद्र बधिर केल्यावर थांबले. ती इजा वेगळी, त्यामुळे आप्पांना जशीच्या तशी लावू नका.

ऊसकरी_शिरोळ
ताई, मग शिकवायचं कसं? आप्पा साठीचे आहेत.

हातथेरपी_मिरज
लहान मुलांत हे लवकर जमतं, साठीत वेळ लागतो, पण जमतं. शांत जागी बसवा. त्यांच्या देखत तर्जनीला पेन्सिलीचं खोडरबर लावा, "ही तर्जनी" असं त्यांनाच मोठ्यानं म्हणू द्या. मग डोळे मिटून तेच. चुकले की डोळे उघडून पुन्हा बघायचं. डोळ्यानं पाहिलेलं आणि बोटाला जाणवलेलं एकाच वेळी मेंदूत गेलं पाहिजे. ते जमू लागलं की परातीत तांदूळ घेऊन त्यात चिंचोका, बटण, नाणं लपवा आणि चाचपून शोधायला लावा. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. एकदम तासभर नको, लक्ष उडतं.

अंगठ्याच्या बुडाशी मांस उतरलंय का, अंगठा करंगळीपर्यंत पोचतो का, हे सर्जनना दाखवाच. आणि चहाचा कप, तवा, आंघोळीचं पाणी सध्या उजव्या हातानं तपासायचं. या बोटांना चटका वेळेत कळत नाही, फोड आल्यावर दिसतो.