गुरुवारी पाणी बंद असताना प्रयोगशाळेत तास घ्यावा का?

प्रश्न – विज्ञानशिक्षिका, नारायण पेठ
आमच्या शाळेत दहावीच्या एका तुकडीचा रसायनाचा प्रयोग गुरुवारी दुपारी असतो. महापालिका देखभाल-दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद ठेवते तो बहुधा गुरुवारीच, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत गच्चीवरच्या टाकीने तळ गाठलेला असतो. समोर आम्ले, स्पिरिटचे दिवे आणि भरलेला वर्ग असताना नळ कोरडा असेल, तर तास घ्यावा की पुढे ढकलावा?

उत्तर – निवृत्त प्रयोगशाळा सहायक
बाई, नळाला पाणी नसेल तर आम्लाची बाटली कपाटाबाहेर काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्यात आम्ल उडाले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे सतत पाणी सोडावे लागते; मिनिटाला दीड लिटरची बारीक धार धरली, तरी साडेबावीस लिटर पाणी होते. म्हणजे वीस लिटरचा एक जार अपुरा पडतो. पर्याय नसेल तेव्हा तोटीचे दोन जार स्वच्छ पाण्याने भरून बेसिनच्या काठाशी अशा उंचीवर ठेवावेत, की मुलाला तोटीखाली चेहरा सहज नेता येईल.

संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करण्याचे काम मुलांकडे कधीच देऊ नये. ते आदल्या दिवशी शिक्षकांनी संरक्षक चष्मा लावून करावे. या आम्लाची घनता पाण्याच्या जवळजवळ १.८४ पट असते, त्यामुळे त्यावर पाणी ओतले तर ते वरच तरंगते, स्पर्शाच्या जागी उष्णतेने उकळते आणि आम्लासकट उसळून अंगावर येते. आम्ल पाण्यात थोडे थोडे, ढवळत सोडले की ते खाली जाते आणि उष्णता साऱ्या पाण्यात विभागली जाते.

उत्तर – पालक, भोसरी (कारखान्यात सुरक्षा विभागात नोकरी)
सहायकांशी मी पूर्ण सहमत आहे. स्पिरिटच्या दिव्याबद्दल एवढेच सांगेन, की खिडकीतून ऊन येत असेल तर त्याची फिकट ज्योत दिसतही नाही, आणि दिवा विझला असे समजून कोणी त्यात स्पिरिट ओतायला जातो. दिवा झाकणानेच विझवावा, फुंकून नव्हे, आणि स्पिरिटची बाटली टेबलावर राहूच देऊ नये. ओढणी बांधलेली आणि वेणी मागे असावी, हे मुलींना दर वेळी सांगायला हवे.

उत्तर – डॉक्टर, कोथरूड
आम्लावर उतारा म्हणून खाण्याच्या सोड्याचे पाणी डोळ्यात घालणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. ते चूक आहे. सोडा टेबलावर सांडलेल्या आम्लासाठी ठेवावा, डोळ्यासाठी फक्त पाणी. भाजल्यावरही वीस मिनिटे थंड पाणी सोडावे. बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावताना रसायनाचे नाव सांगावे, आणि मुलाबरोबर येणाऱ्याने ते कागदावर लिहून आणावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. मुख्याध्यापकांशी बोलून पाणी बंद असलेल्या गुरुवारी भिंगांचे नाभीय अंतर काढण्याचे प्रयोग घ्यायचे आणि आम्लाचे प्रयोग सोमवारी हलवायचे असे ठरले आहे. जार मात्र रोजच भरलेले राहतील, कारण टाकी कधी रिकामी होईल हे वर्गात उभे राहून कळत नाही.